धोंड्याच्या महिन्याची पुरचुंडी

मही पिठाची गिरणी हाय सेलूला, जिनिंगच्या मागल्या गल्लीत. गिरणीवाल्या बाईला घराघरातलं कळतं. कोणी बाई डबा भरून ज्वारी आणती, कोणी पिशवीत चार मुठी. कोणी गव्हात ज्वारी मिसळून आणती अन् वर मला म्हणती, "तानुबाई, डॉक्टरनं सांगितलंय." कसला डॉक्टर अन् कसलं काय! घरातले गहू संपले, एवढंच. मी काही बोलत न्हाई. म्हणजे बोलते, पण त्या बायांच्या तोंडावर न्हाई.

पंचफुला असलं सोंग कधी करत न्हाई. मह्या गिरणीला लागूनच तिचं दोन खोल्यांचं घर. ती डबा खाली ठेवती अन् सरळ सांगती, "मावशी, ह्या म्हयन्यात एवढंच." बास. पुढं मी दळायचं. ना रडगाणं, ना लाज.

तिचा नवरा चंद्रभान जिनिंगमध्ये फिटर हाय. हातात लय कसब, पण काम हंगामी. कापूस आला की मशीन चालू, मशीन चालू की पगार. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत घरात पैसा खेळतो, अन् पाडवा झाला की मशीनला कुलूप. पुढले सात म्हयने सटरफटर कामं, मिळाली तर मिळाली. आधी काय व्हायचं, हंगामात चंद्रभान राजा. मटण काय, पाव्हणे काय, दोस्ताला उसने काय! अन् श्रावण लागला की पंचफुलाचा डबा अर्ध्यावर यायचा.

परवाच्या साली भादव्यात तिच्या धाकट्या लेकीला, वैष्णवीला, ताप भरला. पोरगी बडबडायला लागली अन् घरात रिक्षापुरते पैसे न्हाईत. पंचफुलानं तिला मह्या गल्ल्यातल्या पैशानं दवाखान्यात नेलं. माघारी आली तव्हा मह्यासमोरच नवऱ्याला म्हणली, "आजपसून घरातला पैसा मह्या हातात. तुमी कमवा, मी चालवते. न्हाई जमलं तर तसं सांगा." चंद्रभान लय तडतडला. पण सुई टोचलेली पोरगी समोर बसली व्हती, म्हणून कबूल झाला.

तव्हापसून ह्या पुरचुंड्या. पाडव्याला गुढी उभारली की ती बँकेतून हंगामाची शिल्लक काढून आणती. चंद्रभान म्हणायचा, मोबाईलमध्येच राहू दे की, फिरवाय सोपं. ती म्हणायची, "मोबाईलमधला पैसा मला दिसत न्हाई. तुमच्या बोटाखालून कव्हा निसटतो ते बी दिसत न्हाई." मंग खाली सतरंजी टाकून बसायची अन् सात ढीग करायची. चैत्र, वैशाख, जेष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन. एकेका ढिगाची एकेक पुरचुंडी. कापड बी वेगवेगळं, म्हणजे चूक व्हायला नको. चैत्राला चंद्रभानचा जुना सदरा, अश्विनाला थोरल्या निकिताचा परकर, असं. म्हयने तिच्या मायनं तिला बोटावर शिकवलेले. अमावस्या झाली की जुनी पुरचुंडी खलास, नवी सुटणार. जी संपली ती संपली, पुढलीला हात लावायचा न्हाई. गेल्या साली वैशाखातली लवकर संपली, तर अमावस्येपर्यंत त्या घरात बिनसाखरेचा चहा झाला. चंद्रभान मह्याकडं येऊन चहा पिऊन जायचा. मी बी दोन चमचे जास्तीची साखर घालायची, बिचाऱ्याच्या.

अन् ह्या सातांच्या पल्याड एक लाल खणाची पुरचुंडी. ती कोणत्याच म्हयन्याची न्हाई. ती वैष्णवीची. पोरगी औंदा बारावी झाली. परभणीला नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला तर पहिला हप्ता भरायचा, त्याचे पैसे. दोन हंगामांत थोडं थोडं करून साठवलेले. मी एकदा म्हणलं, "अगं, लग्नाचं बघावं की आता तिच्या." पंचफुला म्हणली, "मावशी, मला एक तरी माणूस असा पायजे घरात, ज्याचा पगार दर म्हयन्याला येतो."

आता औंदाचं सांगते. वैशाखातली अमावस्या झाली. ऊन असं की गिरणीच्या पत्र्याखाली उभं राहवंना. पंचफुला डबा घेऊन आली अन् हसत म्हणली, "मावशी, जेष्ठाची सोडली आज. वैशाखातले वीस रुपये उरले औंदा!"

मी म्हणलं, "जेष्ठ कुठला गं? धोंड्याचा म्हयना लागलाय. हा अधिक जेष्ठ. खरा जेष्ठ पुढल्या अमावस्येनंतर."

तिचा हात डब्यावर तसाच राहिला. मला वाटलं गिरणीच्या आवाजात ऐकू गेलं न्हाई, म्हणून मी गिरणी बंद केली. तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायली. जवळ गेली, बोट लावलं, एक पान उलटलं, परत मागं आली. "ओ माय!" म्हणली अन् तिथंच पिठात बसली.

"मी सातच बांधल्या, मावशी. औंदा आठ पायजे व्हत्या."

खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाला ही चूक झालीच नसती. पगारदार माणूस एक तारखेला जगतो, त्याला धोंडा काय अन् सोंडा काय. ही बाई मायनं शिकवलेल्या म्हयन्यांवर चाललेली, अन् मायनं बोटावर बाराच शिकवले. मागला धोंडा आला तव्हा ह्या पुरचुंड्याच नव्हत्या, मंग ध्यानात कसं येणार? मला तर उलट रागच आला. म्हणलं, "अगं, पाडव्याला मह्याकडं येऊन कॅलेंडर बघितलं असतं तर काय पाय झिजले असते का तुहे?" बोलले खरी, पण तिचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं.

तिनं काय केलं, घरी जाऊन पाचही पुरचुंड्या घेऊन आली. मह्या गिरणीत, दार लोटून, सगळ्या सोडल्या. नोटांचे पाच ढीग, अन् त्यातून सहावा करायचा. श्रावणातून काढलं तर पंचमीला निकिता येणार, तिला साडी कुठून? भादव्यातून काढलं तर लाईटबिल. चंद्रभानची तंबाखू कमी केली. टीव्हीचं रिचार्ज बंद केलं. तेल कमी. दर ढिगातून नोटा उचलायची, परत एक ठेवायची, परत उचलायची. शेवटी सहावा ढीग झाला, पण बाकीचे पाच असे बसले की बघवंना. सहाव्याला कापड नव्हतं. मी पीठ झटकायचं फडकं फाडून दिलं.

मी म्हणलं, "लालमधलं थोडं घे की. नंतर भर."

तिनं मह्याकडं असं बघितलं, की मी आपली गिरणी चालू केली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण धोंड्याचा म्हयना म्हणजे जावयाचा म्हयना. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताटात अनारसे-बत्तासे अन् वाण द्यायचं. निकिताचं लग्न गेल्या उन्हाळ्यात सामुदायिक सोहळ्यात झालेलं, पाथरीच्या हरिओमशी. म्हणजे हा त्याचा पहिलाच धोंडा. दोन दिवसांनी निकिताच्या सासूचा, कडूबाईचा, फोन आला. मी तिथंच शेवया वाळत टाकायले व्हते, फोन स्पीकरवर, सगळं ऐकलं.

"ईहीणबाई," कडूबाई म्हणली, "लग्नात आमी काही म्हणलं का? मांडवाचा खर्च तुमचा वाचला, आमी चांगलं म्हणलं. आता पहिला धोंडा हाय. हरिओमला तीन ग्रॅमची अंगठी तरी करा. चार लोकांत बोट दाखवाया पायजे. मी बी येते सोबत."

पंचफुला बोलायच्या आत चंद्रभाननं फोन घेतला. "करू की ईहीणबाई! पहिलाच धोंडा हाय, करणारच की!"

फोन ठेवला अन् घरात जे पेटलं! मधी एकच भीत, मला कान लावायची बी गरज पडली न्हाई.

"कशातून करणार? सांगा ना, कोणत्या म्हयन्यातून?"

"म्हयन्यातून न्हाई. लाल हाय ना."

"लाल तुमची न्हाई."

"मग कोणाची? मी घाम गाळला त्याच्यासाठी!"

"पोरीच्या नावानं गाळला ना? मग पोरीचीच हाय."

सोनार तीन ग्रॅमचे जेवढे सांगत व्हता, तेवढेच जवळपास लाल पुरचुंडीत व्हते. म्हणजे अंगठी झाली की वैष्णवीचा कोर्स गेला, अन् कोर्स राहिला की निकिताला सासरी बोलणी. एका लेकीचं दुसरीच्या पदरातून काढायचं. त्यात वैष्णवीचा नंबर बी त्याच आठवड्यात लागला. हप्ता भरायची शेवटची तारीख सोमवारची, अन् धोंड्याचं जेवण त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी.

दुसऱ्या दिवशी पंचफुला आली अन् पदराखालून लाल पुरचुंडी काढून मह्या हातात दिली. "मावशी, घरात ठेवायचा इश्वास न्हाई राहिला. ते वाईट माणूस न्हाईत, पण ते घाबरलेत." मी ती गिरणीच्या जुन्या पट्ट्याच्या डब्यात टाकली, वरून पट्टा घातला.

चंद्रभान दुपारी आलाच. कूलर दुरुस्त करायच्या कामावरून तसाच, हात काळे. म्हणला, "मावशी, द्या."

"काय देऊ? पीठ?"

"तुमाला माहीत हाय काय ते. मी सोनाराकडं अंगठी टाकून आलोय. रविवारी पैसे न्हाई दिले तर मी कोणत्या तोंडानं ईहीणीपुढं बसू?"

मही बी जीभ सुटली. "तोंडाचं काय घेऊन बसलास? हंगामात हेच तोंड मटण खाताना बरं व्हतं! बाईनं दोन वर्षं बिनसाखरेचा चहा पिऊन जमवलंय, अन् तू एका फोनवर राजा झालास? न्हाई देत, जा. पोलिसात सांग."

मला वाटलं आता आरडाओरडा करंल. तर तो पोत्यावर बसला अन् काळ्या हातांनी तोंड झाकलं. "मावशी, निकिता फोनवर बोलताना मधीच गप होती. कोणी खोलीत आलं की गप होती. मला ते ऐकू येतं. अंगठी मला मिरवायला पायजे का? मही पोरगी तिथं मोकळी बोलावी म्हणून पायजे." तो रडायला लागला. पट्ट्याचा डबा मह्या पायाजवळ व्हता. एक घडी मला वाटलं, काढून द्यावी अन् मोकळं व्हावं. पण जिची ठेव तिला इचारल्याशिवाय देता येत न्हाई. मी त्याला पाणी दिलं. दुसरं काही दिलं न्हाई.

रविवार उजाडला. मी पुरण वाटायला सकाळपासून तिच्याकडंच. पंचफुला धोंडे करायली, तळायली, मधीच दाराकडं बघायली. चंद्रभान नवा सदरा घालून ओट्यावर बसला, घाम पुसत. दहाच्या एसटीनं तिघं आले. हरिओम पुढं, कडूबाई मधी, निकिता मागं. निकितानं आईच्या गळ्यात पडायच्या आधी सासूकडं बघितलं, तव्हा चंद्रभाननं मान खाली घातली.

पाट मांडला. हरिओमला ओवाळलं. ताटात अनारसे, बत्तासे, दिवा, शर्टपँटचं कापड. कडूबाई बघत व्हती. सगळं मांडून झालं तरी बघतच राहिली.

"ईहीणबाई, वाण कुठं हाय?"

कढईतलं तेल तेवढं चुरचुरायलं.

पंचफुलानं हात पुसले. मला म्हणली, "मावशी, आणा." मी पळतच जाऊन पट्ट्याच्या डब्यातली लाल आणली. तवर तिनं आतून सहाही पुरचुंड्या आणल्या अन् हरिओमच्या पाटापुढं एका रांगेत ठेवल्या. सातवी लाल शेजारी. चंद्रभान म्हणला, "अगं काय करायलीस?" तिनं ऐकलंच न्हाई.

"जावईबापू, हे मह्या घरचं दिवाळीपर्यंतचं सगळं. हा चालू म्हयना, धोंड्याचा. हा जेष्ठ, हा आषाढ, हा श्रावण, हा भादवा, ही दिवाळी. अन् ही लाल वैष्णवीच्या शिक्षणाची, उद्या भरायची. ह्याच्याबाहेर मह्याकडं रुपया न्हाई. तुमी मान घ्यायला आलात, मी न्हाई म्हणत न्हाई. तुमच्या हातानं उचला. जी उचलताल ती तुमची."

हरिओमचे कान लाल झाले. पोरगा तसा साधा, पाथरीत मोबाईलच्या दुकानात कामाला. हात मांडीवरून हलंना. "मामी, हे काय..." एवढंच म्हणला.

कडूबाई पुढं सरकली. एकेक पुरचुंडी तिनं हातात घेऊन तोलली. सगळ्या हलक्या. मंग लाल उचलली. ती जड. तिनं ती खाली ठेवली न्हाई.

"ती मही हाय," दारातून वैष्णवी म्हणली. आवाज एवढासा.

कडूबाईनं मूठ आवळली. "तुह्या बहिणीच्या संसारापेक्षा मोठी हाय का?"

तव्हा निकिता सासूला बोलली. सकाळपासून पहिल्यांदा. "आत्याबाई, सांगा ना खरं. अंगठी ह्यांच्या बोटात जाणारच न्हाई. ताडकळसच्या भाऊजींना जाणार हाय." ती आईकडं वळली. "नणंदेच्या नवऱ्यानं धोंड्याला अंगठी मागितलीय. नणंदबाईला तिकडं रोज घालून-पाडून बोलायलेत. म्हणून आपल्याकडून घेऊन तिकडं द्यायची."

हरिओम पाटावरून उठला. "माय? खरं हाय का?"

कडूबाईनं आधी निकिताकडं असं बघितलं, की मला वाटलं आता हात उचलती. मंग ती एकदम फुटली. "हाय खरं! मग मी काय करू? मह्या बी घरी हा तेरावा म्हयना आलाय की! माहा बी जावई ताटावर बसून बोट दाखवायलाय. मही लेक बी फोनवर मधीच गप होती. मी कुठून आणू? मला दुसरं कोणतं दार हाय?"

हे ऐकून चंद्रभाननं वर बघितलं. तेच शब्द त्यानं मह्या गिरणीत पोत्यावर बसून काढले व्हते.

पंचफुलाच्या अंगातला सगळा ताठा गेला. ती कडूबाईच्या शेजारी खाली बसली. पण तिच्या मुठीला हात लावला न्हाई, हे मी नीट बघितलं. एवढंच म्हणली, "ईहीणबाई, ही लाल नेली तर उद्या वैष्णवीला बी असंच एखाद्याच्या दारात उभं करावं लागंल मला. तिच्या धोंड्याला मी कोणाकडून आणू? तुमीच सांगा."

कडूबाई मुठीतल्या पुरचुंडीकडं बघत बसली. धोंडे गार झाले. मंग तिनं डोळे पुसले, लाल पुरचुंडीची गाठ सोडली. चंद्रभान अर्धा उठला. कडूबाईनं कमरेची पिशवी काढली, त्यातली शंभराची नोट त्या लालमध्ये कोंबली, गाठ मारली अन् वैष्णवीच्या हातात दिली.

"नापास झालीस तर मी इचारायला येईन," म्हणली. आवाज अजून रागाचाच.

"माय, तिकिटाचे व्हते ते," हरिओम म्हणला.

"मग तू काढ महं. बायांना एसटीत अर्धंच तर लागतं."

जेवणं झाली. जाताना कडूबाईनं डब्यात धोंडे बांधून मागितले. म्हणली, आता हेच घेऊन जाते ताडकळसला, बघू काय म्हणतो ते. निकितानं ह्या खेपेला आधी आईला मिठी मारली. सासू बघत व्हती. चंद्रभान संध्याकाळी सोनाराकडं जाऊन अंगठी नको म्हणून सांगून आला. सोनारानं चार शब्द सुनावले म्हणं. ऐकून घेतले.

सोमवारी वैष्णवीचा हप्ता भरला. परभणीहून आल्यावर पंचफुला डबा घेऊन गिरणीत आली. "मावशी, एवढंच," म्हणली. मंग मह्याकडं फडक्याचा एक तुकडा मागितला. मी म्हणलं, आता कशाला? म्हयने तर बांधून झाले सगळे.

तिनं कमरेला खोचलेली कडूबाईची शंभराची नोट काढली. ती तिनं हप्त्यात भरली नव्हती. तुकड्यात ठेवली, गाठ मारली.

"ताडकळसच्या त्या पोरीला," म्हणली. "रिकामे धोंडे बघून त्यांनी तिला घराबाहेर काढलं, तर एसटीला हातात काहीतरी पायजे. निकिताकडून पोचवते." अन् डबा उचलताना म्हणली, "तिला बी अर्धंच तिकीट लागंल. उरलेल्यात वाटंत चहा पिईल ती."